गोळी आधी, आवाज नंतर

इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळावर उभं राहिलं की आधी जाणवतं ते हे, की इथे लपायला जागा नाही. कुसळीचं गवत गुडघ्याच्या वर फारसं जात नाही. मध्येच एखादी बोर, एखादी बाभूळ. बाकी मुरूम आणि आभाळ. इथल्या चिंकाऱ्याने आपला सगळा जीव एकाच गोष्टीवर बेतला आहे, ती म्हणजे अंतर. खांद्यापाशी जेमतेम ६५ सेंटिमीटर उंचीचं हे हरीण. डोळे मोठे, कान मोठे, पाय काटकुळे. लांडग्याची चाहूल लागली की शिंकल्यासारखा आवाज काढायचा, पाय आपटायचा, आणि मधलं अंतर ठरावीक मापाखाली येऊ लागलं की उधळायचं. हजारो वर्षं हा हिशेब चालला. लांडगाही याच अंतराशी झगडत पोट भरत आला.

आता दुसरा एक हिशेब पाहा. थ्री-नॉट-थ्री रायफलीची गोळी दोनशे मीटर अंतर सुमारे ०.३ सेकंदात कापते. बार झाल्याचा आवाज तेवढंच अंतर जायला सुमारे ०.६ सेकंद घेतो. म्हणजे ज्या कानांच्या भरवशावर हे हरीण जगतं, त्या कानांपर्यंत खबर पोहोचते तेव्हा गोळी केव्हाच पोहोचलेली असते. माळावरच्या कोणत्याही प्राण्याला उत्क्रांतीने याची तयारी करून दिलेली नव्हती.

ही किमया आपण बंदुकीच्या नावावर जमा करतो. खरं तर ती काडतुसाची आहे. उत्तम पोलादी नळी घडवणारे कारागीर कित्येक शतकांपासून होते. नळीच्या आत पीळदार खाचा पाडल्या की गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ जाते, हे युरोपातल्या कारागिरांना पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून ठाऊक होतं. तरी पुढची साडेतीनशे वर्षं बहुतेक फौजा आणि बहुतेक शिकारी गुळगुळीत नळीच्या, तोंडाकडून ठासायच्या बंदुकाच वापरत राहिले. त्यांचं अडलं ते बोटाएवढ्या पितळी पुंगळीवाचून.

या पुंगळीच्या काडतुसात चार वस्तू असतात. बुडाला एक छोटी टोपी, तिच्यात ठोका बसताच पेटणारं रसायन. पोटात दारू. तोंडाशी गोळी. आणि या तिघींना एकत्र धरणारी पुंगळी स्वतः. वाचायला हे साधं वाटतं, पण खरा चमत्कार चौथ्या वस्तूचा आहे. चाप ओढला की टोपीवर टोचणी आपटते, ठिणगी आत जाते, दारू पेटते आणि वायू फुगू लागतो. थ्री-नॉट-थ्रीमध्ये हा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे तीन हजार पटीपर्यंत चढतो. एवढ्या दाबाचा वायू मागच्या फटीतून निसटला, तर तो नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांत जाणार. मागून भरायच्या बंदुका करू पाहणारे सगळे याच फटीपाशी हरले. पितळेने ती फट बुजवली. दाब चढताच पुंगळीची पातळ भिंत फुगते आणि नळीला घट्ट चिकटते. स्वयंपाकघरातल्या कुकरची रिंग वाफेचा दाब वाढेल तशी झाकणाला अधिक घट्ट बसते, तसंच हे. आणि गोळी बाहेर पडून दाब उतरला की तीच भिंत केसभर आक्रसते, त्यामुळे रिकामी पुंगळी सहज बाहेर ओढता येते. फुगणं, चिकटणं, सैल होणं हे सगळं सेकंदाच्या काही सहस्रांश भागात उरकतं. तांबं सत्तर टक्के आणि जस्त तीस टक्के, या मिश्रणाला ते जमतं. पोलादाला असं नेटकेपणाने लवचीक करायला नंतरच्या काळात पुष्कळ कष्ट घ्यावे लागले.

थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसात अडीच ग्रॅमच्या आसपास दारू, अकरा ग्रॅमची गोळी, नळीतून बाहेर पडताना वेग सेकंदाला सुमारे ७४४ मीटर. त्या गोळीतली ऊर्जा एक टन वजन फूटभर उचलायला पुरेल. शिवाय ली-एनफिल्ड या थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या नळीतली खाच दर दहा इंचांत एक वेढा घेते, त्यामुळे गोळी सेकंदाला जवळजवळ २,९०० फेऱ्या मारत निघते. हे आकडे मी पहिल्यांदा मांडले तेव्हा दोनदा तपासले, इतके ते अविश्वसनीय वाटतात.

पुंगळी येण्याआधीही माणसं या माळांवर शिकार करतच होती, आणि अंतराचा प्रश्न त्यांनी आपापल्या परीने सोडवला होता. सगळ्यात सुंदर उत्तर फासेपारध्यांचं. त्यांच्या हाती बंदूक नव्हती. त्यांनी गाय किंवा बैल शिकवून तयार केला. जनावर चरत चरत पुढे सरकतं, त्याच्या आडोशाने पारधी सरकतो, आणि काळविटाला किंवा तित्तिराला दिसतं ते फक्त चरणारं गुरू. तित्तिराची साद हुबेहूब काढायची, वाटेवर फासे मांडायचे. अंतर मोडायचं नाही, त्याला चकवायचं. एवढं बारीक निसर्गज्ञान असलेल्या या लोकांना इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याखालच्या ‘गुन्हेगार जमातीं’त घातलं. तो कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडलं, आणि त्याचा डाग अजूनही पुसला गेलेला नाही. शिकारीचा इतिहास लिहिताना साहेबांच्या रायफलींची नावं तपशिलाने येतात आणि हे कसब चार ओळींत संपतं, हा अन्याय मला फार सलतो.

बंदूकवाल्यांकडे होती ती आधी तोड्याची बंदूक. पेटती जामगी बंदुकीच्या कानाशी न्यायची, तिथली रंजक म्हणजे चिमूटभर दारू पेटवायची, आणि बार होईपर्यंत हात स्थिर ठेवायचा. मग गारगोटीची ठिणगी आली. दोन्हींत एक मोठी उणीव होती: आधी बाहेर भडका उडायचा आणि मग आतली दारू पेटायची. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वी गावचा पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ पाणपक्ष्यांच्या शिकारीचा शौकीन होता. भडका दिसताच पक्षी बुडी मारायचे किंवा उडायचे, आणि गोळी रिकाम्या जागी जायची. हा भडकाच नको, या हट्टाने तो ठोका बसताच पेटणाऱ्या रसायनांच्या मागे लागला. पाऱ्याचं असं एक संयुग एडवर्ड हॉवर्डने १८०० मध्ये वर्णन केलेलं होतं. फोर्सिथने १८०७ मध्ये आपल्या युक्तीचं पेटंट घेतलं. आज जगातल्या बहुतेक काडतुसांच्या बुडाला जी टोपी असते, तिची वंशावळ अशी एका पाद्र्याला हुलकावणी देणाऱ्या बदकांपर्यंत जाते. युद्धाने शिकारीला बरंच दिलं असं आपण समजतो. इथे शिकारीने युद्धाला दिलं.

टोपी, दारू आणि गोळी एकाच तुकड्यात बांधायची कल्पना पॅरिसमध्ये काम करणाऱ्या जाँ सॅम्युअल पाउली या स्विस कारागिराने १८१२ मध्ये प्रत्यक्षात आणली. ती काळाच्या पुढे होती आणि मागे पडली. हिंदुस्थानात पोहोचलं ते कागदी काडतूस, आणि ते कसं पोहोचलं हे आपल्याकडे शाळकरी मुलंही सांगतात. पण चरबी तिथे होती कशासाठी, हे सहसा सांगितलं जात नाही. १८५३ ची एनफिल्ड ही पीळदार खाचांची बंदूक. तिची गोळी नळीला जवळजवळ भिडून बसायची. काळी दारू जळली की तिचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घन राख म्हणून उरतो. चार-सहा बार झाले की ही राख खाचांत साचणार आणि पुढची गोळी खाली उतरणार नाही. म्हणून कागदाला वंगण, आणि तो कागद फाडायचा दाताने. ते गाईचं की डुकराचं, या संशयाने १८५७ चा भडका उडाला. त्यामागे कारणं पुष्कळ होती, पण ठिणगी काडतुसाची. त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस कोल्हापुरात २७ वी पलटण उठली, तेव्हा ही आच सह्याद्रीच्या कुशीपर्यंत पोहोचली.

त्यानंतर दहा वर्षांच्या आत इंग्रजांनी त्याच एनफिल्ड बंदुका मागून कापून घेतल्या, जेकब स्नायडरच्या पद्धतीचं झाकण बसवलं, आणि वूलिचच्या प्रयोगशाळेतल्या कर्नल एडवर्ड बॉक्सरने त्यांच्यासाठी धातूचं काडतूस तयार केलं. दाताने फाडायला आता काही उरलं नाही. आणि १८६९ मध्ये, बारामतीपासून शंभरेक किलोमीटरवर, खडकीला लहान शस्त्रांच्या दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. तो आजही चालू आहे. म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत तो आता मोडतो आणि त्या कंपनीचं मुख्यालयही खडकीतच आहे. पुंगळीच्या बुडावर कोरलेली ‘के एफ’ ही अक्षरं म्हणजे किर्की फॅक्टरी. पुण्याबाहेर ज्यांना खडकी माहीत नाही, अशा दूरदेशीच्या पुंगळ्या जमवणाऱ्यांनाही ही दोन अक्षरं पाठ असतात. बारा बोअरच्या बंदुकीची ‘शक्तिमान’ काडतुसंही याच कारखान्याची.

पितळी पुंगळीची कथा आपल्या पावसाळ्याशी जोडलेली आहे, आणि ती मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. ब्रिटिश फौजेच्या लक्षात आलं की हिंदुस्थानात पावसाळ्यापुरती ठेवून दिलेली काडतुसं उघाडी पडल्यावर बाहेर काढली की त्यांतल्या कित्येकांच्या पितळेला उभ्या चिरा गेलेल्या असतात. कुणी हात लावलेला नाही, ठोका नाही, गंज म्हणावा तर तोही दिसत नाही. इंग्रजीत या विकाराला ऋतूवरून नाव पडलं, कारण दोष पावसाळ्याचा मानला गेला. उलगडा व्हायला १९२१ उजाडलं. काडतुसं ठेवलेली असत तबेल्यांत. घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटतो, दमट हवेत तो पितळेवर बसतो. पण नुसत्या अमोनियाने हे घडत नाही. पुंगळी घडवताना पितळेची चकती साच्यातून पुन्हा पुन्हा ओढून लांब केली जाते, आणि प्रत्येक ओढीसरशी धातूत ताण मुरत जातो. बाहेरून गुळगुळीत दिसणारं पितळ आतून ताणलेलं असतं. अमोनिया त्या ताणाला वाट करून देतो आणि धातू स्वतःच्याच ओढीने उलतो. उपाय असा निघाला की घडवून झाल्यावर पुंगळी बेताने तापवायची, म्हणजे मुरलेला ताण सुटतो. ताण आणि रसायन मिळून धातू कसा फाडतात, या आजच्या अभियांत्रिकीतल्या मोठ्या विषयाची एक जुनी पायरी अशी आपल्या पावसात, घोड्यांच्या पागेत सापडते.

आता पुन्हा माळावर येऊ, कारण काडतुसाचं खरं काम तिथे कळतं. सपाट, झाडं नसलेल्या माळावर अंतराचा अंदाज बांधणं फार अवघड. दोनशे मीटर आणि दोनशे तीस मीटर यांत डोळ्याला फरक दिसत नाही. स्नायडरची जाड शिशाची गोळी सेकंदाला ३७८ मीटरच्या आसपास वेगाने निघायची. दोनशे मीटर जाईपर्यंत ती माणसाच्या उंचीइतकी खाली यायची. नेमाची पट्टी वर करून ही घट भरून काढता येते, पण मग अंतराचा अंदाज अचूक हवा. मी गणित करून पाहिलं: तीस मीटरची चूक झाली तर स्नायडरची गोळी फूटभर खाली लागते. चिंकाऱ्याचं धड उभ्या मापात साधारण तेवढंच. म्हणजे ते वाचतं. थ्री-नॉट-थ्रीच्या गोळीने तीच चूक केली तर फरक पडतो चार बोटांचा. ते वाचत नाही.

एवढा फरक घडवला धुराविना जळणाऱ्या दारूने. सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू काही शतकं राज्य करून थकली होती. फ्रान्सच्या पॉल व्हिएलने १८८४ मध्ये नायट्रोसेल्युलोजपासून नवी दारू केली. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक एबेल आणि जेम्स ड्यूअर यांनी १८८९ मध्ये कॉर्डाइट केलं, दिसायला दोऱ्यांच्या जुडीसारखं. हे जवळजवळ पूर्ण जळतं, राख ठेवत नाही, आणि जळण्याचा वेग ठरवता येतो. वेग दुपटीकडे गेला, गोळी बारीक झाली, आणि तांब्याचं कवच चढवल्याशिवाय शिसं नळीत टिकेना. धूरही गेला. काळ्या दारूच्या दिवसांत एका बारासरशी पांढरा ढग उठायचा. कळप त्या ढगाकडे पाहून पळायची दिशा ठरवत असणार. आता तीही खूण उरली नाही.

या माळांची पहिली शास्त्रीय ओळख जगाला करून दिली ती मात्र त्या आधीच्या, ठासणीच्या बंदुकांच्या काळात. मुंबई सरकारच्या नोकरीतले कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३१ मध्ये दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे मांडली. त्यातच आपल्या लांडग्याला पालीपीस हे शास्त्रीय नाव मिळालं. त्या काळी प्राणी अभ्यासायचा म्हणजे आधी मारायचा, हे गृहीतच होतं. पुढे इंग्रजी अमलात लांडगा मारणाऱ्याला बक्षीस मिळू लागलं, आणि ज्या जनावराचं वर्णन शास्त्राने कौतुकाने केलं होतं त्याच्या शेपटीला भाव आला.

काडतुसांच्या जगभरच्या वंशवृक्षात हिंदुस्थानची एक फांदी आहे, ती मात्र सरकारच्या भीतीतून फुटलेली. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुनी बंदूक द्यायचा प्रघात ठेवला. लष्करी काडतूस खासगी बंदुकीत चालू नये, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात .४५० बोअरच्या दारूगोळ्यावर बंदी घातली गेली. इथल्या शिकाऱ्यांना वाघासाठी जड काडतूस तर हवंच होतं. मग लंडनच्या बंदूक घडवणाऱ्यांनी .४६५, .४७०, .४७५ अशी नवी मापं काढली. आफ्रिकेत हत्ती-रानरेड्यांच्या शिकारीत गाजलेली ही काडतुसं जन्मली ती हिंदुस्थानातल्या एका सरकारी फतव्यामुळे. थ्री-नॉट-थ्री तर सामान्य माणसाला बंदच झाली. तिच्या जागी देशात आली .३१५ रायफल, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सम्राटाच्या फौजेसाठी बनलेल्या आठ मिलिमीटरच्या काडतुसावर बेतलेली. ते साम्राज्य १९१८ मध्ये संपलं. त्याचं काडतूस मात्र आपल्या सरकारी कारखान्यांत अजून बनतं आणि परवानाधारकाच्या कपाटात असतं.

बारा बोअर ही वेगळी जात. तिच्यात एक गोळी नसते, छर्रे असतात, आणि नळी गुळगुळीत. बाराचा हिशेबही मोठा मजेदार: एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतली एक ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअर. एकेक गोळी सुमारे ३८ ग्रॅमची. तित्तिर-लाव्यासाठी बारीक छर्रे, बदकासाठी जरा मोठे, डुकरासाठी एसजी किंवा एलजीचे ढोबळ दाणे. चाळीस मीटरच्या पुढे छर्रे विखरून निकामी होतात. गावाकडच्या दुनळ्या याच जातीच्या.

शिकारीची गोळी आणि युद्धाची गोळी यांत एक मोठा फरक आहे आणि तो पहिल्यांदा ऐकताना उलटा वाटतो. पूर्ण कवचाची टोकदार गोळी हरणाच्या अंगातून आरपार जाते, बारीक भोक पाडते, आणि हरीण मैलभर पळून तासन्‌तास तडफडत मरतं. म्हणून शिकारीत टोकाशी शिसं उघडं ठेवलेली मऊ गोळी वापरतात. ती आत शिरताच फुलते आणि प्राणी जागीच पडतो. १८९० च्या दशकात कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी अशीच गोळी लष्करासाठी केली, आणि १८९९ च्या हेग परिषदेने फुलणाऱ्या गोळ्या युद्धात निषिद्ध ठरवल्या. माणसावर जी क्रूर, तीच जनावरावर दयेची ठरली. उलट हत्तीसाठी कडक, न फुलणारी गोळी लागते, कारण हाड भेदून मेंदूपर्यंत जायचं असतं. शिकारी जिम कॉर्बेट यांना चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्यानंतर १९०७ मध्ये भेट मिळालेली रायफल .२७५ ची होती. अकरा ग्रॅमहूनही हलकी गोळी, पण नेमकी. काडतूस जेवढं मोठं तेवढं चांगलं, हा समज त्यांच्या हातातल्या त्या हलक्या रायफलीने खोटा पाडला.

माळ बंदुकीनेच रिकामे केले असं मी म्हणणार नाही. इंदापूर तालुक्यात १८३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांची नवी महसूल आकारणी लागू झाली, सारा उतरला आणि पडीक जमिनी नांगराखाली येऊ लागल्या. १८८५ मध्ये नीरेच्या डाव्या कालव्याचं पाणी आलं, त्यामागोमाग ऊस आला. कालव्याच्या बाजूला बागायत, वरच्या अंगाला जिरायत, आणि उरलेसुरले माळ वनखात्याच्या किंवा गायरानाच्या नावावर. पण नांगर हळूहळू सरकतो, कळपाला बाजूला व्हायला वेळ देतो. सपाट उडणाऱ्या गोळीने तेवढी सवड दिली नाही. काळवीट आज पाहायचा तर भीमेपलीकडे कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य गाठावं लागतं. चिंकाऱ्यासाठी बारामती तालुक्यात सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झालं. क्षेत्र पाच चौरस किलोमीटरहून जरासंच अधिक. मोरगावच्या गणपतीला जाणारे कित्येक भाविक त्याच्या कडेवरून जातात. शिर्सुफळ आणि कडबनवाडीत वनविभागाने गवताळ प्रदेशाची सफारीही सुरू केली आहे. जीपमधून चिंकारा दिसतो, नशीब असेल तर लांडगाही.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनी शिकारीचे परवाने संपवले. चिंकारा, काळवीट, लांडगा तिघेही पहिल्या अनुसूचीत. मारला तर तीन ते सात वर्षं तुरुंग. पिकात घुसणाऱ्या डुकरासाठी कायद्यात परवानगीची वाट आहे, पण ती वनखात्याच्या लेखी हुकमातून जाते. शस्त्रांच्या कायद्यात मात्र पीकराखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आजही आहे. फोर्सिथच्या टोपीच्या काळातली, काडतूस न लागणारी बंदूक १९५९ च्या कायद्याने शेतकऱ्यासाठी राखून ठेवली. कारण उघड आहे: एक बार, मग पुन्हा ठासणं. डुकरं पळवायला तेवढं पुरतं.

काडतुसाचं कौतुक आज निर्धास्त मनाने करता येतं ते नेमबाजीच्या मैदानात. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या, पुण्यात मध्य रेल्वेत नोकरी करणाऱ्या स्वप्नील कुसाळेने ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य जिंकलं. त्याच्या रायफलीतलं .२२ काडतूस १८८७ चं. याला वेगळी टोपी नसते. पुंगळीच्या बुडाच्या पोकळ कडेतच पेटणारं रसायन फिरवून बसवलेलं असतं. गोळी २.६ ग्रॅमची. स्पर्धेची काडतुसं मुद्दाम आवाजाच्या वेगापेक्षा जराशी मंद ठेवतात, कारण तो वेग ओलांडताना किंवा त्याखाली येताना गोळी डळमळते. पन्नास मीटरवर मधला दहाचा गोल १०.४ मिलिमीटर व्यासाचा. तिथवर जाईपर्यंत गोळी साडेबारा सेंटिमीटर खाली येते, आणि तरीही ती त्या गोलात पडते, पुन्हा पुन्हा.

आणि काडतुसाचं एक भावंड आता पुणे जिल्ह्यातच रोज कामाला येतं. उसात बिबट्या वाढला. जुन्नरपासून तो दौंड, बारामती, इंदापूरपर्यंत पसरला आहे. विहिरीत पडलेला, फाशात अडकलेला, घरात शिरलेला बिबट्या पकडायचा तर भूल द्यावी लागते. भुलीची सुई बंदुकीने मारायची कल्पना १९५० च्या दशकात न्यूझीलंडच्या कॉलिन मर्डॉक यांची. काही भूल-बंदुकांत गोळी नसलेलं .२२ काडतूस सुईला ढकलतं, काहींत दाबलेला वायू. इथे काडतुसाची सगळी जुनी पात्रता उलटी होते. वेग जास्त झाला तर सुई हाड मोडते, म्हणून तो कमीत कमी ठेवायचा. अंतर वीस-तीस मीटर. जनावराचं वजन डोळ्याने जोखून झायलाझिन आणि केटामिनची मात्रा ठरवायची. सुई मांडीच्या जाड स्नायूतच लागायला हवी. आणि लागल्यावरही औषध भिनायला दहा-पंधरा मिनिटं जातात, तेवढा वेळ भोवतालची गर्दी शांत ठेवावी लागते. दोनशे मीटरवरून मारणाऱ्यापेक्षा वीस मीटरवरून वाचवणाऱ्या पशुवैद्याचं काम किती तरी अवघड आहे. त्याला लांडग्यासारखं आणि पारध्यासारखं जनावराच्या जवळ जावं लागतं.